हवामान क्षणाक्षणाला बदलणाऱ्या भागात गाडीने फिरताना तंबू कोरडा कसा ठेवायचा?

पाऊस नसतानाही तंबू आतून ओला होतो, तो बहुतेक वेळा आपल्याच श्वासातल्या बाष्पामुळे. थंडीला घाबरून सगळ्या चेन बंद केल्या की ते बाष्प गार कापडावर जमतं आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. म्हणून पावसातही वरची जाळी चार बोटं उघडी ठेवा. बाहेरचं आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नका. नायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणाव्याच लागतात.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी लहान हवी. कडा बाहेर राहिली की तीच पावसाचं पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. ही चूक भलेभले करतात.

ओढ्याकाठची सपाट जागा टाळाच. पाऊस वर डोंगरात पडतो, लोंढा खाली येतो. उंची १,००० मीटर वाढली की तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं, तेव्हा स्लीपिंग बॅग सगळ्यात उंच मुक्कामाच्या हिशेबाने घ्या. सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागला, तर त्याच दिवशी दुपारच्या थांब्यावर पसरून वाळवा. दोन दिवस तसाच राहिला तर बुरशीचा वास धरतो.