वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

नाशिकच्या एका वाचकाचे वडील २०१९ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. वाचकाने २०२१ मध्ये मेडिक्लेम घेतला. २०२४ मध्ये शौचातून रक्त जाऊ लागलं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळीतून आतडं आतून तपासताना, शेकडो पॉलिप (आतड्यातल्या छोट्या गाठी) दिसले, एपीसी नावाच्या जनुकातला, पुढे कॅन्सरकडे नेणारा दोष निघाला आणि आतडं काढावं लागलं. कंपनीने क्लेम नाकारताना लिहिलं, ‘जनुकीय आजार, शिवाय आधीचा आजार लपवला.’ अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात. हे उत्तर त्या वाचकाला.

‘जनुकीय’ या शब्दावरून तुम्ही दहा महिने कस्टमर केअरशी भांडत बसलात, ते वाया गेले. केवळ जनुकीय म्हणून आजार वगळणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटलं. पुढे विमा नियामकानेही कंपन्यांना तसं कलम घालायला मनाई केली.

सगळं अडलंय ते कंपनीच्या पत्रातल्या दुसऱ्या कारणावर, म्हणजे ‘आधीचा आजार लपवला’ यावर. तुमच्या पॉलिसीत ‘आधीचा आजार’ म्हणजे पॉलिसीपूर्वीच्या ४८ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सुचवला असा आजार. वडिलांच्या २०१९ च्या डिस्चार्ज कार्डावर शेवटी पेनाने लिहिलंय, ‘मुलांची कोलोनोस्कोपी करून घ्यावी.’ कंपनीची सगळी भिस्त या ओळीवर आहे. माझ्या मते ती टिकू नये. तेव्हा तुम्हाला त्रास नव्हता, तुमच्या नावाचा केसपेपर नव्हता. हा दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि शक्यतेला निदान म्हणत नाहीत. कार्ड फाडून टाकू का, असं विचारता? क्लेमच्या फाइलला त्याची झेरॉक्स तुम्हीच जोडलीत!

मात्र प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत आजच मागवा. ‘कुटुंबात कोणाला कॅन्सर?’ हा प्रश्न तिथे नसेल तर तुमची बाजू भक्कम. असेल आणि समोर ‘नाही’ असेल, तर मी हमी देणार नाही. ‘एजंटने भरला, मी फक्त सही केली’ हे ऐकून घेतलं जातं, पण दर वेळी मानलं जात नाही. कोऱ्या फॉर्मवर सही का करता, देव जाणे.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे याच आठवड्यात लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. तिथे मुदत एक वर्षाची. ते कोणत्या पत्रापासून मोजायचं यावर वाद घालता येईल, पण ती वेळ आणू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, पण तिथल्या तारखांचा अनुभव सांगण्यासारखा नाही. शिवाय तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत.

बहिणीची कोलोनोस्कोपी या निकालासाठी थांबवू नका. तिने पॉलिसी काढली, तर फॉर्ममध्ये वडिलांचा आणि तुमचा आजार तिने स्वतःच्या हाताने लिहावा.