घर मुलाच्या नावावर करू का?

प्रश्न : वय 72. डोंबिवलीतला वन रूम किचन माझ्या नावावर आहे. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा-सून माझ्याजवळच राहतात. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मुलाने रजा काढली, गजर लावून डोळ्यांत थेंब घातले. पण महिनाभर एकच घोषा, "आई, बक्षीसपत्र कर, दोनशे रुपयांत होतं." मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. रात्री कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपते आणि सकाळी त्याच्या डब्याच्या पोळ्या लाटताना माझी मलाच लाज वाटते. लेक नाशिकला असते, तिला काही बोलले नाही. सही करू का?

उत्तर : ताई, आत्ता नको.

दोनशेचं तो खोटं सांगत नाही. राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, वरचा खर्च वेगळा. पण स्वस्त मिळते म्हणून घ्यायला ही काही मेथीची जुडी नव्हे. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याचं. उद्या तुमचं मन फिरलं म्हणून ते परत येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात व्यवहार रद्द करून मागता येतो. मात्र ती अट होती हे दाखवावं लागतं. म्हणून पुढेमागे द्यायचंच ठरलं, तर अट कागदावरच लिहून घ्या. तोंडी 'आई, मी आहे ना' तिथे पुरत नाही.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि हवं तेव्हा बदलता येतं. तुम्ही आहात तोवर घर तुमचंच.

आता लाजेचं. माझ्या सासूबाई किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही. तरी आजारपणात मीच त्यांना न्हाऊ घातलं, आणि माझ्या बाळंतपणात त्यांनी मला. किल्ली राहू द्या उशाखाली.

फक्त 'आत्ताच का?' हे त्याला विचारा. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली असेल, मागाहून कोर्टाचे हेलपाटे नकोत असं त्याच्या मनात असेल. किंवा बहिणीचा वाटा टाळायचा असेल. पत्रावरून मला सांगता येणार नाही. मात्र लेकीला आधी फोन करा. तिला हे तिसऱ्याकडून कळलं तर तुमचं माहेरपण करायला कोणी उरणार नाही.