ट्रान्सचे रीमिक्स ऐकायला सुरुवात करताना

ट्रान्स म्हणजे क्लबमध्ये वाजणारं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात एकाच गाण्याचे सहा-सात रीमिक्स (दुसऱ्या कुणी नव्याने बांधलेली रूपं) बघून गोंधळलास ना? सगळ्यांचं होतं. आधी एकच गाणं धर. मी डेलेरियम या ग्रुपचं ‘सायलेन्स’ सुचवेन. १९९७च्या अल्बममधलं मूळ गाणं संथ आहे, सारा मॅक्लॉक्लनचा आवाज त्यात नुसता तरंगतो. ते दोनदा शांतपणे ऐक, मगच टिएस्टो या डीजेचा रीमिक्स लाव. आवाज तोच, पण खाली किक ड्रमचा जड ठोका सुरू झालाय, वेग वाढलाय. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे मधल्या शांत भागात, ड्रम बाजूला होतात आणि आवाज पुढे येतो. तिथे काय ठेवलंय, काय नव्याने बांधलंय, हे आपोआप कळू लागतं. मला तर अजूनही तिथे काटा येतो!

नव्याने ऐकणारे हमखास चुकतात ते इथे:

- रेडिओ एडिटवरून, म्हणजे रेडिओसाठी छोट्या केलेल्या रूपावरून, मत बनवतात. ते ३-४ मिनिटांत उरकतं. एक्स्टेंडेड मिक्स, म्हणजे क्लबसाठीचं लांब रूप, सहसा ७-८ मिनिटांचा असतो. सुरुवातीचं मिनिटभर फक्त ड्रम वाजतात, कारण डीजेला मागचं गाणं त्यात मिसळायचं असतं. कंटाळून पुढे ढकलू नकोस, ती चढण हवीच.
- पहिल्यांदाच ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकतात. घणसोली येईपर्यंत खडखडाटात बेस पार बुडालेला असतो. रात्री घरी, साधे पण कान झाकणारे हेडफोन लावून ऐक.
- सगळे रीमिक्स सलग ऐकतात. दिवसाला दोन पुरे.

उपप्रकारांची नावं आत्ता पाठ करत बसू नकोस. हे दोन ऐकून झाले की सांग, पुढचं गाणं देतो.