लॅब नसलेल्या गावात माणसाच्या हालचालींचं शास्त्रीय संशोधन कसं शिकायचं?

विचारणारा म्हणतोय की धुळ्यात फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात मोशन कॅप्चर (हालचाल टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा) नाही, फोर्स प्लेट (पाय जमिनीवर किती जोर देतो ते मोजणारी पाटी) नाही, तर कोणता कोर्स करू आणि कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. सॉफ्टवेअरचं सोपंय, किनोव्हिया घे, व्हिडिओवर कोन मोजता येतात, फुकट आहे. पण खरं दुखणं तिथं नाहीच भाऊ.

इंटर्नशिपमधल्या प्रोजेक्टसाठी मी चोपड्याकडे केळीच्या बागेत गेलेलो. वीसेक किलोचा घड खांद्यावर घेऊन माणूस गाडीपर्यंत जातो तेव्हा टाच टेकून वजन येताना गुडघा किती वाकतो, एवढंच बघायचं होतं. मे महिना, सहा मजूर, ट्रायपॉडवर मोबाईल. सांध्यांवरच्या खुणा (मार्कर) म्हणून बहिणीच्या टिकल्या नेलेल्या, खुबा, गुडघा आणि घोटा यांच्यासाठी, त्या घामाने दोन मिनिटांत गळाल्या. मग चिकटपट्टी लावली तर खुब्याची पट्टी लेंग्यावर, आणि लेंगा काय मांडीच्या हाडाला विचारून हलत नाही. मुकादम वेगळाच डोक्यावर बसलेला, "गुडघा मोजी ले भाऊ, पन गाडी भराले उशीर व्हई राहिना."

पहिल्या दिवसाचं शूटिंग तर वायाच गेलं. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच परत टेकेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, त्यात वजन अंगावर घेण्याचा भाग फक्त दहा-बारा टक्के, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत हाताला तीन-चार फ्रेम लागतात, मग त्यात सगळ्यात जास्त वाकलेला गुडघा कुठला हे काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन मागून 240 ला शूट केलं.

आकडे मस्त आले. मोकळं चालताना सरासरी 17 अंश, घड घेऊन 23. सहा अंशांचा फरक, मी खूश. आठवड्याने सहज म्हणून फाइलींची नावं बदलून, कुठली क्लिप घडाची ते न बघता (तसा घड दिसतोच, म्हणून स्क्रीनचा वरचा भाग कागदाने झाकला) सगळं परत मोजलं. त्याच क्लिपला माझेच दोन आकडे पाच अंशांनी वेगळे, एका ठिकाणी तर सात! म्हणजे जो फरक मी शोधला म्हणत होतो तेवढी माझ्या हाताचीच चूक.

मी दोन्ही वेळच्या आकड्यांचे कॉलम घेऊन प्रोजेक्टच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, दुसरा कॉलम काढून टाक, गुडघा जास्त वाकतोय ते डोळ्याला दिसतंय की, माझी वीस वर्षांची नजर आहे. मी काढला नाही, मार्क कमी मिळाले, आणि ते अजून डोक्यात आहे. डोळ्याला दिसतं म्हणे! चित्रकारांनी कित्येक पिढ्या दौडणारा घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे असा ताणून हवेत काढला. 1878 साली मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले, तेव्हा कळलं की चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्या चित्रकारांची नजर काय कच्ची होती?

म्हणून कोर्सच्या आधी एकच क्लिप दहा वेळा मोज, मग मित्राला मोजायला लाव, आणि तुमचे आकडे आपसात किती हलतात ते बघ. त्याच्यापेक्षा मोठा फरक सापडला तरच तोंड उघड. सर काय म्हणतात ते सोड.

हां, आणि सहा माणसांवरून तसंही काही सिद्ध झालं नसतं, घड घेतल्यावर गुडघा जास्त वाकतही असेल, मला ते कळण्याइतकं नीट मोजता आलं नाही एवढंच. पुढच्या डिग्रीचं मला विचारू नकोस, मी केली नाही.

अजून एक, सांगायला नको होतं, पण मी लावलेला फोन चालण्याच्या रेषेला काटकोनात नव्हता, त्याने कोन चुकतोच. ते सरांनी पहिल्याच क्लिपला, फोन हातात घेतल्या घेतल्या ओळखलेलं. तेव्हा मी म्हणालो होतो, एवढ्याने काय होतं.