वर्षाचं सीझन तिकीट आणि मधेच सोडायची वेळ आली तर

दादा म्हणालास म्हणून सरळ अरेतुरेवर येतो. तुझा मेसेज थोडक्यात असा होता की सप्टेंबरमध्ये युकेला येतोयस, ऑफिस लंडनला पॅडिंग्टनजवळ, घर बहुतेक रेडिंगला घेणार, ऑफर लेटरमध्ये सीझन तिकीट लोन असं काहीतरी लिहिलंय, आणि कुणीतरी सांगितलं की ट्रेनचं वर्षाचंच सीझन तिकीट (म्हणजे आपला पास) घे, बारा आठवडे फुकट पडतात. तर ते आल्या आल्या घ्यावं का, आणि घर बदललं किंवा नोकरी सुटली तर पैसे परत मिळतात का.

आल्या आल्या घेऊ नकोस. पण घाबरून कायमचं टाळू पण नकोस, कारण मधे परत करण्यात लोक सांगतात तेवढं नुकसान नसतं. नुकसान होतं ते दुसऱ्याच कारणांनी, त्यावर येतोच.

आधी हिशोब. समजा तुझ्या रूटचं आठवड्याचं तिकीट १०० पाउंड आहे (आकडा सोपा जावा म्हणून घेतलाय, खरं भाडं स्टेशनांची नावं टाकली की वेबसाइटवर दिसतं). मग महिन्याचं होतं ३८४, कारण महिना म्हणजे ३.८४ आठवडे धरायची पद्धत आहे, आणि वर्षाचं ४०००, म्हणजे ४० आठवड्यांचे पैसे भरून ५२ आठवडे प्रवास. बारा आठवडे फुकट म्हणतात ते हेच. पण तू काही ५२ आठवडे ऑफिसला जाणार नाहीस, सुट्ट्या, बँक हॉलिडे, एखादी इंडिया ट्रिप धरली तर सहा-सात आठवडे असेच जातात, आणि तिकीट तेवढ्यापुरतं थांबवून ठेवता येत नाही, ते चालूच राहतं. म्हणजे खरा फायदा पाचेक आठवड्यांचा, तो पण रोज जाणाऱ्याला.

आता परत करायचं म्हटलं की सगळ्यांना वाटतं ४००० ला बाराने भागायचं, तीन महिने वापरलं तर ३००० परत. तसं नाहीये. तेवढ्याच दिवसांसाठी तू महिन्याची तिकिटं काढली असतीस तर किती पडले असते ते बघतात, ते कापतात आणि उरलेलं देतात, त्यातून परत थोडी ॲडमिन फी. तर तीन महिन्यांचे ११५२ गेले, हातात २८४८. सहा महिन्यांनी परत केलं तर १६९६. नऊ महिन्यांनी ५४४, दहा महिन्यांनी १६०, आणि त्याच्या पुढे साधारण बारा दिवसांत शून्य, मग परत करण्यात अर्थच नाही, संपेपर्यंत खिशात ठेव आणि वापर. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं ही तर लूट आहे, सहा महिने उरलेत आणि अर्धे पण पैसे देत नाहीत! मग रात्री शांतपणे कागदावर मांडलं तेव्हा कळलं की मधे सोडणाऱ्याने महिन्या महिन्याला तिकीट काढणाऱ्याइतकेच पैसे भरलेले असतात, फी सोडली तर एक पैसा जास्त नाही. सवलत पूर्ण वर्ष काढणाऱ्यासाठी होती, ती तेवढी परत घेतली. त्यामुळे "नोकरीचं काय होईल माहीत नाही म्हणून महिन्याचंच काढतो" असं म्हणत दोन-दोन वर्षं महिन्याचं काढणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

उलट बाजू पण सांगतो. तुझं काम ठरलेल्या मुदतीचं असेल, समजा सातच महिने, तर तेवढ्याच दिवसांचं तिकीट मिळतं, एक महिना आणि वरचे हवे तेवढे दिवस असं काढता येतं. अकरा महिने असतील तर सरळ वर्षाचं काढ, कारण साडेदहा महिन्यांच्या आसपासच भाडं वर्षाइतकं होऊन जातं.

आता नुकसान कुठे होतं ते. रिफंडची तारीख म्हणजे तू तिकीट परत केलंस ती तारीख, शेवटचा प्रवास केलास ती नाही. इथे मी आपटलोय. तेव्हा मी मिल्टन कीन्सहून यूस्टनला जायचो, प्रोजेक्ट अचानक बंद झाला, दुसरा क्लायंट घरून काम म्हणाला, आणि मी तिकीट ड्रॉवरमध्ये टाकून निवांत, की गेटवर कार्ड टॅप केल्याची नोंद असतेच ना, बघतील की मी प्रवास केलेला नाही. तीन आठवड्यांनी खिडकीवर गेलो तर त्या बाईने मान पण वर न करता सांगितलं की आजची तारीख. तीन आठवड्यांचं भाडं पाण्यात. भांडलो नाही, कारण नियम तोच होता आणि मी वाचला नव्हता. आजारपणात डॉक्टरचा दाखला असेल तर मागची तारीख धरण्याचा विचार करतात, बाकी कारणांना नाही. त्यामुळे ज्या दिवशी पक्कं कळेल की आता हा रूट नाही, त्याच दिवशी परत कर. आणि जिथून घेतलंस तिथेच करावं लागतं, खिडकीवर घेतलं असेल तर खिडकीवर, ऑनलाइन घेतलं असेल तर त्याच वेबसाइटवर, दुसरीकडे गेलास तर हात वर करतात.

घर बदललं तर मात्र रिफंड मागूच नकोस, आणि ही चूक फार लोक करतात. समजा रेडिंग सोडून स्लाउला आलास. रिफंड घेऊन नवीन काढलंस तर वरचा सगळा तोटा पदरात. त्याऐवजी "चेंजओव्हर" पाहिजे असं म्हण, हाच शब्द वापर. जुनं तिकीट जमा करून नव्या स्टेशनाचं देतात, संपायची तारीख तीच राहते, आणि शिल्लक दिवसांचा जो फरक निघेल तो भरायचा किंवा परत घ्यायचा. सवलत शाबूत राहते. समोरच्या माणसाने आपणहून सांगितलं नाही तरी तू विचार.

लोनचं सांगतो, कारण तुझ्या ऑफर लेटरमध्ये ते आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कंपनी तिकिटाचे पैसे एकदम देते आणि मग दर महिन्याला पगारातून कापते, व्याज नाही, आणि अशी लोनं मिळून १०,००० पाउंडांपर्यंत असतील तर त्यावर टॅक्स पण लागत नाही. छान सोय आहे, नव्याने आलेल्या माणसाकडे एवढे पैसे एकरकमी कुठून असणार. पण नोकरी सोडलीस की उरलेलं लोन शेवटच्या पगारातून एकदम कापतात, आणि तिकीट परत केल्याचे पैसे त्याहून कमी येतात. वरचाच आकडा घे, सहा महिन्यांनी लोन २००० शिल्लक, रिफंड १६९६, म्हणजे ३०० च्या वर तुझ्या खिशातून, आणि ते पण अशा महिन्यात जेव्हा पगाराची आधीच ओढाताण असते. रिफंड आला की आधी लोन फिटेल असं मनात धरून बसू नकोस, कापणं आधी होतं, रिफंड नंतर येतो. शिवाय रिफंड ज्या कार्डाने पैसे भरले त्यावरच जातो, त्यामुळे कंपनीने परस्पर कंपनीच्या कार्डाने काढलं असेल तर तो कंपनीकडे जाणार, आणि मग एचआरच्या मागे लागायचं. शक्यतो पैसे आपल्या खात्यात घेऊन आपल्या कार्डाने काढ.

ऑफिसला किती दिवस जायचंय हे मेसेजमध्ये लिहिलंच नाहीस, आणि खरं तर सगळं त्यावर आहे. आठवड्याला दोनच दिवस असतील तर वर्षाचं तिकीट विसर. त्यासाठी २०२१ पासून फ्लेक्सी सीझन आहे, २८ दिवसांत कुठलेही ८ दिवस. तीन दिवस असतील तर काठावरची गोष्ट आहे, रूटप्रमाणे बदलते, सगळे पर्याय मांडून बघावे लागतील. चार-पाच दिवस असतील तर वर्षाचं.

पहिला महिनाभर बँकेच्या काँटॅक्टलेस कार्डाने जा, एलिझाबेथ लाइन थेट रेडिंगपर्यंत येते. ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासाचं पैसे भरून वापरायचं कार्ड) मात्र त्या लाइनवर वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही, विमानतळावर कुणी हातात टेकवलं तर रेडिंगसाठी उपयोग नाही. इंडियाचं कार्ड वापरलंस तर प्रत्येक वेळी फॉरेक्सचे पैसे लागू शकतात, म्हणून इथलं खातं उघडायला उशीर करू नकोस. या महिन्यात कळेल घर पटतंय का, मॅनेजर खरंच किती दिवस बोलावतो, गाड्यांची गर्दी झेपते का. मग घे. घेताना फक्त पॅडिंग्टनपर्यंतचं घे, ऑफिस तिथून चालत जाण्याइतकं जवळ असेल तर ट्यूबसकटचं (म्हणजे लंडनच्या मेट्रोसकटचं) ट्रॅव्हलकार्डवालं घ्यायची गरज नाही, ते बरंच महाग पडतं आणि नवीन माणूस हमखास तेच घेतो. तिकीट नावावर असतं, बायकोला वापरता येणार नाही, पण वर्षाच्या तिकिटाबरोबर गोल्ड कार्ड मिळतं त्यावर गर्दीची वेळ सोडून तू आणि बरोबरची तीन मोठी माणसं अशा सगळ्यांना एक तृतीयांश सवलत मिळते, ऑक्सफर्ड, ब्राइटन फिरायला मस्त. मधे रिफंड घेतलास तर ते कार्ड पण परत द्यावं लागतं.

आणि कायमचं इंडियाला परत निघायची वेळ आली तर तिकीट निघायच्या दिवसापर्यंत ठेवू नकोस, शेवटच्या ऑफिसच्या दिवशीच दे, आणि रिफंड जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नकोस. माझ्या एका मित्राने उलट क्रमाने केलं, त्याचे पैसे अडकले ते सोडवायला इंडियातून किती फोन केले त्याची गणती नाही.

ऑफर लेटरमधला लोनवाला भाग फोटो काढून पाठव, आणि आठवड्याला किती दिवस ते पण विचारून सांग, मग तुझ्या खऱ्या आकड्यांवर बघू.