मत नसलेलं सभासदत्व देऊ नका

प्रश्न : ताई, आमच्या तालुक्यात आम्ही बावीस वर्षं मुलामुलींसाठी अभ्यासिका, उन्हाळी शिबिरं आणि पोलीस भरतीचा सराव चालवतो. कार्यकारी मंडळात आम्ही नऊजण आहोत. सर्वांत लहान मीच, वय ५१. शिबिराला शंभरेक मुलं येतात, पण संस्था चालवायला कोणी पुढे येत नाही. वर्गणी घेऊन त्यांना सभासद करावं, असं माझ्या मनात आहे. ज्येष्ठांना भीती वाटते की उद्या बहुमताच्या जोरावर पोरं संस्था ताब्यात घेतील. काय करावं?
— एक सचिव, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या ज्येष्ठांची भीती मला नवी नाही. मी एका युवक संस्थेची कार्यवाह होते तेव्हा आमच्याकडेही हेच बोललं जायचं. मधला मार्ग म्हणून आम्ही एका मुलाला आणि एका मुलीला ‘निमंत्रित’ करून बैठकीला बोलावू लागलो. त्यांना मत नव्हतं, अजेंडाही मिळत नव्हता, बसायला खुर्ची तेवढी होती. बैठक बुधवारी सकाळी अकराला, म्हणजे नेमकी कॉलेजच्या वेळेत. तिसऱ्या बैठकीत त्या मुलीने विचारलं, “शिबिराला खर्च किती आला?” खजिनदार म्हणाले, “तुला कशाला त्या भानगडी? तू मुली गोळा कर.” मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. ती मुलगी पुन्हा आली नाही. ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

म्हणून सांगते, सभासद करायचं तर पूर्ण करा. अर्ज, वर्गणीची पावती, नोंदवहीत त्यांची स्वतःची सही, आणि सर्वसाधारण सभेत मत. आम्ही दोन वर्षांनी हे केलं. वर्षाला ३० रुपये वर्गणी ठेवली, पहिल्या वर्षी ४१ जणांनी नावं नोंदवली. सभा रविवारी दुपारी चारला घेतली आणि जमाखर्चाचं एक पान, साध्या मराठीत, आठ दिवस आधी अभ्यासिकेच्या फळ्यावर लावलं. त्या पानावर दिसत होतं की वार्षिक कार्यक्रमाच्या मंडप, हार आणि शाल-श्रीफळावर १८,४०० रुपये गेलेत आणि पुस्तकांवर ३,२००. सभेत दुसरं काही बोलणंच झालं नाही. कार्यक्रम साधेपणाने करून अभ्यासिका परीक्षेच्या काळात रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायची, असा ठराव मुलांनी मांडला. देणगीदार दुखावतील म्हणून मी विरोधात हात वर केला. ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी त्याच देणगीदारांपैकी एकाने आपणहून अभ्यासिकेचं वीजबिल उचललं. माझा अंदाज चुकला होता, आणि ते मी पुढच्या सभेत सांगितलं.

आता कायद्याचं. तुमची संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल, तर त्याच्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत याच्याकडे फार लक्ष द्या. वर्गणी जून-जुलैत, कॉलेजं सुरू होतात तेव्हा घ्या आणि थकणाऱ्याला वेळेत आठवण करा. नाहीतर सभेच्या दिवशी अर्धी मुलं यादीबाहेर. कार्यकारी मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यायचा असतो. मुलांना मंडळात घेतलं आणि हा अर्ज राहिला, तर त्यांची निवड कागदावर येतच नाही.

अठरा वर्षांखालच्यांना मत आणि सह्यांचे अधिकार देऊ नका. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार कायद्यात टिकत नाही. पण त्यांना गप्पही बसवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ सांगतं की मुलांवर परिणाम करणाऱ्या गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. त्यांची वेगळी कुमार सभा ठेवा. तिचे ठराव मंडळाच्या अजेंड्यावर पहिले घ्या आणि नामंजूर केले तर कारण लेखी द्या.

राहिली ताबा घेण्याची गोष्ट. माझ्या अनुभवात धोका पोरांकडून नसतो. निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी एका दिवसात पन्नास पावत्या फाडून आपली माणसं घुसवतो, धोका तिथे आहे. त्यासाठी संस्थेच्या घटनेत तरतूद करा : सभासद होऊन सहा महिने झाल्याशिवाय मत नाही. नऊपैकी तीन जागा १८ ते २५ वयोगटासाठी ठेवा आणि त्यांची मुदत दोनच वर्षांची करा. मुलं शिकायला, नोकरीला पुण्याला जाणारच. पाच वर्षांच्या मुदतीत ती जागा तीन वर्षं रिकामी राहते. तुम्हा ज्येष्ठांसाठीही मुदत लिहा. जयप्रकाश नारायणजींनी १९७५ साली स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनी या तरुणांच्या संघटनेत तिशी ओलांडली की बाहेर पडायचं, असा नियम होता. तुम्ही इतकं कडक होऊ नका, पण सलग दोन मुदतींनंतर एक मुदत बाहेर बसणं तुमच्या नऊजणांना जमायला हवं. घटनादुरुस्तीचा मसुदा सभेपुढे ठेवण्याआधी जाणत्या वकिलाला दाखवा.

पहिल्या सभेची तारीख ठरवाल तेव्हा वेळ मात्र तुम्ही ठरवू नका. गावोगावच्या मुलींना विचारा, परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे.