पत्रिका डिझाइनच्या टेबलावर राहू दे

अगं,

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. पत्रिकेत मंगळ बिघडलाय, रास जलतत्त्वाची, त्यामुळे अग्नीचं काम मानवणार नाही असं ज्योतिषाने सांगितलंय, वर साडेसाती चालू, आणि नेमके आत्ताच भट्टीतून निघालेले पॅनल लागोपाठ तडकले, म्हणून तुला वाटतंय की काचेचं काम सोडावं की काय. थांब जरा. एवढा मोठा निर्णय घेण्याआधी मला सांग की तडकलेल्या तुकड्यांच्या कडा कशा आहेत.

कडा गोलसर, वितळून गुळगुळीत झाल्यासारख्या असतील तर काच तापतानाच फुटलीय, म्हणजे सुरुवातीला तापमान फार भराभर चढवलंस आणि फुटल्यावर त्या कडा पुढच्या उष्णतेत गोल झाल्या. कडा धारदार असतील तर काच निवताना गेली. तडा बरोबर दोन रंगांच्या सांध्यावरून फिरत गेला असेल तर त्या दोन काचांचं प्रसरणच जुळत नाहीये, एक 90 वाली आणि दुसरी 96 वाली (काच तापल्यावर किती प्रसरते त्याचा हा आकडा) असं काहीतरी झालंय, लेबल निघालेले उरलेले तुकडे एकाच डब्यात ठेवले की हे हमखास होतं. आणि पॅनल बाहेर काढला तेव्हा ठणठणीत होता आणि काही दिवसांनी आपोआप तडकला असं असेल तर बहुतेक ॲनिलिंग, म्हणजे आतला ताण जावा म्हणून काच हळूहळू निववणं, कमी पडलंय. फ्यूजिंगच्या, म्हणजे भट्टीत वितळवून जोडायच्या काचेला निवताना साधारण 480 ते 510 अंशांच्या आसपास थांबवून ठेवायचं असतं, नेमका आकडा काचेच्या कंपनीप्रमाणे बदलतो, आणि लोक विसरतात ते हे की जाडी दुप्पट झाली की निववायला वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतो. तू अलीकडे जाड कामं करायला लागलीयस ना? मग मला तरी आधी तिकडेच संशय येतो. पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे घे, एकमेकांना आडवे धर, मधे काच धर आणि मागून लाइट लाव. ताण असेल तर उजळ पट्टे दिसतात.

आता ग्रहांकडे येते, कारण तुला वाटेल मॅडमनी विषय उडवून लावला. मुळीच नाही. काचेचं आणि आकाशाचं नातं इतकं जुनं आहे की ते सोडून आपला इतिहास सांगताच येत नाही. प्राचीन असिरियातल्या निनवेला असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात, म्हणजे ख्रिस्तपूर्व 7 व्या शतकात, काच कशी करायची याच्या मातीच्या पाट्या सापडल्यात, आणि त्यात सुरुवातच अशी आहे की भट्टीचा पाया घालायचा असेल तर अनुकूल महिन्यातला शुभ दिवस शोधा. मग देवतांच्या मूर्ती, नैवेद्य, सगळं. पण पुढे वाच ना, त्याच पाट्यांमध्ये कुठला दगड किती, कुठल्या वनस्पतीची राख किती, आणि जाळ धूर न होणारा हवा हेही लिहिलंय. शुभ दिवस बघून झाला म्हणून राखेचं माप सोडून दिलेलं नाही त्या माणसाने! मला त्या पाट्या म्हणूनच फार आवडतात.

आणि धातूंचं तर काय सांगू. जुन्या युरोपियन किमयागारांनी सात ग्रहांना सात धातू वाटून दिले होते, सूर्याला सोनं, चंद्राला चांदी, शुक्राला तांबं, मंगळाला लोखंड, गुरूला कथील, बुधाला पारा, शनीला शिसं, आणि गंमत म्हणजे हे सातही धातू काचकामात आलेले आहेत. सोन्याने तो खोल गुलाबी-लाल माणिकरंग येतो, 17 व्या शतकात योहान कुंकेल नावाच्या जर्मन माणसाने तो बनवून नाव कमावलं, आणि तो स्वतः किमयागारच होता. त्या काचेची मजा अशी की आधी ती जवळजवळ रंगहीन दिसते, पुन्हा तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाढतात आणि लाल रंग उमटतो, म्हणजे समोर उभं राहून बघणाऱ्याला त्यात काहीतरी दैवी आहे असं वाटलं तर मी त्याला हसणार नाही. चांदीने पिवळा येतो, 14 व्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातल्या खिडक्यांमध्ये केस, मुकुट, प्रभावळी सगळं त्यानेच रंगवलंय, आणि त्याआधी कितीतरी शतकं इजिप्तकडे काचेवर चांदीची चमक चढवत होते. तांब्याने हिरवट निळा किंवा लाल, भट्टीत हवा किती आहे त्यावर. लोखंड म्हणजे बाटलीचा हिरवा. कथील सोल्डरमध्ये आहे, पांढऱ्या अपारदर्शक काचेत आहे, आणि 1950 च्या दशकापासून सपाट काच वितळलेल्या कथलावरच तरंगवून करतात. पारा जुन्या आरशांच्या पाठीमागे. शिसं तर विचारूच नको, स्टेन्ड ग्लासमधले तुकडे जोडणाऱ्या सगळ्या पट्ट्या.

इतकं सुंदर जुळतं की माणूस फसतोच. पण मग आपल्याकडचं बघ. आपल्याकडे लोखंड शनीचं आणि तांबं मंगळाचं मानतात. म्हणजे लोखंड घातलेली हिरवी काच तिकडे मंगळाची, इकडे शनीची, आणि भट्टीत दोन्हीकडे तितकीच हिरवी होते. अजून एक. त्या सात धातूंच्या हिशोबात कोबाल्ट कुठेच नाही! मध्ययुगीन खिडक्यांचा तो प्रसिद्ध निळा, ज्याच्यासाठी लोक आजही मान वर करून उभे राहतात, तो कोबाल्टचा, आणि तो धातू वेगळा म्हणून ओळखला गेला तोच 1730 च्या दशकात. सगळ्यात लाडका रंग आणि त्याला ग्रहच मिळाला नाही. ज्या कारागिरांनी तो वापरला त्यांना काही अडलं नाही त्यामुळे.

शनीवरून आठवलं, शिशाची विषबाधा तिकडे शनीच्याच नावाने ओळखली जायची. तू सोल्डरिंग करतेस त्या टेबलावर चहाचा कप असतो, फोटोत दिसला मला. साडेसातीचा उपाय विचारत होतीस ना, हा घे, कप बाहेर, हात साबणाने धुवायचे, धूर खेचणारा फॅन लावायचा, आणि कामाचा ॲप्रन घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. हा उपाय मी सगळ्या राशींना सांगते.

‘अग्नी मानवत नाही’ याबद्दल सरळ बोलते, राग मानू नकोस. पत्रिकेवरून माणसाची कुवत कळते का, हे तपासून झालंय. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये निष्कर्ष छापले, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या, 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सरासरी 46 टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण पन्नास आले असते. त्याआधी 1985 मध्ये शॉन कार्लसन यांनी अमेरिकेत पत्रिका आणि स्वभावाच्या जोड्या लावायची चाचणी घेतली, तिथेही अंदाजपंचे लागतील त्यापेक्षा जास्त जोड्या जुळल्या नाहीत. मग तुझा हात भट्टीला मानवतो की नाही हे कुणीतरी जन्मवेळेवरून सांगावं आणि तू ते ऐकून इतक्या वर्षांची मेहनत गुंडाळावी हे मला पटत नाही. तुझं कटिंग मी बघितलंय, आतल्या गोलाईचे कट तू जसे काढतेस तसे भल्याभल्यांना जमत नाहीत.

तरी मुहूर्त बघायचा असेल तर बघ बाई. नवीन भट्टी पहिल्यांदा लावताना चांगला दिवस बघितला, दिवा लावला, मन शांत झालं, तर त्यात वाईट काही नाही, शांत मनाने माणूस प्रोग्रॅम दोन वेळा तपासतो. माझी हरकत एकाच ठिकाणी आहे. राहुकाळ सुरू व्हायच्या आत उघडायची म्हणून 200 अंशांवर भट्टीचं झाकण उचललंस तर मात्र ग्रहांना बोल लावायचा नाही. निवण्याचं वेळापत्रक पंचांग बघून पुढेमागे होत नाही. आणि लॉगबुकमध्ये तिथी लिहितेस ती खुशाल लिही, पण तिच्या शेजारी काचेची जाडी, चढण्याचा वेग, थांबण्याचा वेळ आणि कुठल्या शेल्फवर ठेवलं होतं हेही लिही. वर्षभराने अमावास्येची कामं खरंच जास्त फुटतात का ते तुझं तुलाच दिसेल, पण त्यासाठी न फुटलेली कामंही लिहावी लागतील, नाहीतर आपण फक्त फुटलेलीच लक्षात ठेवतो. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर, जुना झाला की चुकीचं तापमान दाखवतो, तेही एकदा तपासून घे.

खरा ग्रह कुठला तुझ्या कामावर परिणाम करतो सांगू? सूर्य. म्हणजे ज्योतिषातला नाही, खिडकीतला. वर्षभरात तो उत्तर-दक्षिण मिळून साधारण 47 अंश सरकतो, त्यामुळे डिसेंबरात ज्या पॅनलमधून रंग थेट भिंतीवर पडतो तोच जूनमध्ये मुका वाटू शकतो. जागा बघायला जाशील तेव्हा एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जा. आणि उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो, निळा बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून संध्याकाळी वापरात असलेल्या खोलीसाठी नुसत्या लाल-केशरीवर सगळी रचना उभी करू नकोस, कुंडलीतला मंगळ कितीही बलवान असला तरी.

राहिलं ते तुझ्याकडे आलेलं राशिचक्राच्या पॅनलचं काम. ते घे, नक्की घे! हा आपल्या कलेतला जुना आणि मोठा विषय आहे. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये 13 व्या शतकाची एक खिडकी आहे, त्यात प्रत्येक राशीच्या जोडीला त्या महिन्याचं काम दाखवलंय, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कॅथेड्रलच्या गोल खिडकीत राशी, ऋतू, महिने, पंचमहाभूतांपैकी चार असं सगळं विश्वच मांडलंय, आणि फ्रान्समधल्याच आँजेच्या कॅथेड्रलमध्ये 15 व्या शतकात आंद्रे रोबँने राशिचक्राची गोल खिडकी केली. त्यांच्या प्रतिमा नीट बघ, शिशाची रेघ कुठून नेलीय ते बघ, बैलाची पाठ आणि शिशाची रेघ एकच करून टाकलीय का ते बघ, शिकण्यासारखं खूप आहे.

पण काम घेताना क्लायंटला आधी विचार की रास म्हणजे त्यांची कुठली? आपल्याकडे रास म्हणतात ती चंद्रावरून, इंटरनेटवरची बहुतेक सूर्यावरून, आणि वर पाश्चात्त्य आणि भारतीय मोजणीत आता साधारण 24 अंशांचा फरक आहे, त्यामुळे सूर्याचा मेष प्रवेश तिकडे 21 मार्चच्या आसपास आणि इकडे 14 एप्रिलच्या आसपास. ज्या बाई स्वतःला सिंह समजतात त्या घरच्या पत्रिकेत वृश्चिक निघतात आणि मग तू महिनाभर रंगवलेली आयाळ वाया. चित्रांचंही तसंच, मकर म्हणजे तिकडे माशाच्या शेपटीचा बोकड, इकडे मगरीसारखा प्राणी, मिथुन तिकडे जुळे भाऊ आणि इकडे स्त्री-पुरुषाची जोडी, धनु तिकडे अर्धा घोडा. पूर्ण मापाचं रंगीत ड्रॉइंग कर, बाराही आकृत्या त्यांना दाखव, त्यावर सही घे आणि ॲडव्हान्स आल्यावरच काच ऑर्डर कर.

तुझी,
मॅडम